सत्तेला वेसण

शासनाची सत्ता किती असावी, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुधा परीक्षेपुरताच भेटतो. लॉक आणि माँतेस्क्यू यांची नावे आपण पाठ करतो, अमेरिकेच्या घटनाकारांनी सत्तेची वाटणी कशी केली हे लिहितो आणि उत्तरपत्रिका देऊन मोकळे होतो. परंतु ज्या पुरुषाने आपल्या देशात हा प्रश्न आयुष्यभर अंगावर घेतला, तो मराठी होता, याची आठवण त्या प्रकरणात फारशी होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण दोन-तीन ठरलेल्या चौकटींत बसवून टाकले आहे. दलितांचे उद्धारक, घटनेचे शिल्पकार, बौद्ध धम्माचे प्रवर्तक, ही सारी विशेषणे खरी आहेत. पण या सगळ्यांमधून जाणारा एक धागा आहे आणि तो असा की सत्ता कोणाचीही असो, परक्याची असो वा आपल्या माणसाची असो, राजाची असो वा गावकीची असो, तिला नियमाची वेसण हवी.

औंढा तालुक्यातल्या आपल्या शिरड शहापूरच्या परिसराला ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात होता. निजामाचे फर्मान हाच कायदा. सभा घ्यायची तर आधी परवानगी मागा, असे सांगणारे गश्ती निशाण ५३ हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेले नाव आहे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढण्यात आले. या हुकुमांविरुद्ध दाद मागावी असे न्यायालय नव्हते, कारण न्यायालयही हुजुरांचेच. अमर्याद शासन म्हणजे काय, ते या भागाने असे पाहिले आहे. बाबासाहेबांनी मात्र ते राजवाड्याच्या बाजूने पाहिले नाही. त्यांनी ते गावाच्या चावडीच्या बाजूने पाहिले.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. साताऱ्याला आणि मग मुंबईला शिक्षण, १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्षात घेतले जाते ते हे की या तरुणाने अभ्यासासाठी विषय निवडला तो सरकारी तिजोरीचा. एम. ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर, पीएच. डी. चा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवर आणि लंडनच्या डी. एस्सी. चा रुपयाच्या प्रश्नावर. सरकार पैसा कोठून आणते, कोणाला विचारून खर्च करते आणि हिशेब कोणाला देते, या तीन प्रश्नांनी त्यांचा विद्यार्थिकाळ व्यापला होता. पारतंत्र्यातल्या दुसऱ्या कोणा पुढाऱ्याने सत्तेच्या परीक्षेला खतावणीपासून अशी सुरुवात केल्याचे मला आढळत नाही.

रुपयावरचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. सरकारने चलनाचा दर सांभाळावा, त्यासाठी नाणी किती पाडायची ते सरकारनेच ठरवावे, असा तिचा अर्थ. तरुण आंबेडकरांनी ती नाकारली. चलन काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला ते वाढवण्याचा मोह होणारच आणि त्याचे ओझे मजुरावर व मोजक्या पगारावर जगणाऱ्या माणसावर पडणार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून रुपयाची टांकसाळ बंद करून त्याच्या संख्येला पक्की मर्यादा घालावी, असा उपाय त्यांनी सुचविला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही तो मांडला. अर्थशास्त्रज्ञांमध्ये या उपायाबद्दल मतभेद असतील, ते मी माझ्याहून जाणत्यांवर सोपवतो. आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्यामागचे मन. शहाणे सरकार नीट वागेल असे गृहीत धरायला हे मन तयार नव्हते.

याच काळात त्यांना दुसराही धडा मिळाला होता. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराज पुरोगामी, त्यांची सत्ता निर्वेध. तरीही कचेरीतला शिपाई या विद्वान अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद दुरून फेकत असे, आणि ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला होता तेथून लोकांनी त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढले. राजाच्या दरबारात मान होता, पण गावात राहायला छप्पर मिळाले नाही. समाजाची म्हणून एक सत्ता असते आणि ती कोणत्याही फर्मानाला जुमानत नाही, हे त्यांना तेथे कळले. पुढे त्यांच्या शासनविषयक विचारात जी दुहेरी वीण दिसते, तिचे मूळ मला या दोन अनुभवांत वाटते. एकीकडे सरकारविषयी हिशेबनिसाचा अविश्वास, दुसरीकडे सरकार बाजूला सरले तर दुबळ्याच्या वाट्याला काय येते याचे भान.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर महार वतनाचा प्रश्न पाहावा. १९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले आणि मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतन या शब्दाला आपल्याकडे मानाचा वास आहे, पण महाराचे वतन म्हणजे वेठच. सरकारी नोकर म्हणायचे, पण कामाचे तास ठरलेले नाहीत, काम कोणते तेही ठरलेले नाही. महसूल खात्याचा माणूस येवो, पोलीस येवो की आणखी कोणी, त्याने हाक मारली की दिवस असो की रात्र, निघायचे. वतनदार घरी नसला तर बाप, भाऊ, घरातले जे माणूस सापडेल ते कामाला लावायचे. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा, जो वाटण्या होऊन होऊन विळ्याएवढा राहिलेला, आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते, जे द्यायचे की नाही ते गावाच्या मर्जीवर. म्हणजे राबवून घेणार सरकार आणि पोट गावाच्या हाती. महाराने हक्काची भाषा काढली की गाव बलुते बंद करी आणि सरकार हात झटकी.

बाबासाहेबांची मागणी साधी होती. कामे कोणती ती लिहून ठेवा, बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरवा, आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला जमीन रयतेच्या हक्काने देऊन मोकळे करा. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, तेथे त्याचे दात काढले गेले आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. मर्यादित शासनाची व्याख्या शोधायला लंडन-फिलाडेल्फियाला जायलाच हवे असे नाही. सरकारने माणसाकडून काय मागावे याची यादी असली पाहिजे आणि त्या यादीबाहेरचे मागण्याचा सरकारला अधिकार नाही, हे तत्त्व मुंबईच्या कौन्सिलात वतनी महाराच्या निमित्ताने मांडले गेले होते.

महाडचा सत्याग्रह आपण स्फूर्तिदायक प्रसंग म्हणून सांगतो आणि २० मार्च १९२७ या तारखेवर थांबतो. मला त्याचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव कौन्सिलने १९२३ सालीच संमत केला होता, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, तळ्यावर नव्हता. चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर लोकांना मारहाण झाली, तळ्याची शुद्धी झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो माणसे जमली, आणि नेमकी तेव्हाच स्पृश्य मंडळींनी तळे खासगी आहे असा दावा लावून न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. लोक पेटलेले होते. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर कोणी उतरले नाही, मिरवणूक तळ्याभोवतून गेली. त्यानंतर दावा चालला तो तब्बल दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पाण्याच्या ओंजळीसाठी दहा वर्षे थांबणे योग्य होते का, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण सत्ताधाऱ्याने कायदा पाळावा असे ज्याला म्हणायचे आहे, त्याला स्वतःला अडचणीचा ठरणारा कायदाही पाळावा लागतो, याची किंमत त्यांनी रोख मोजली होती.

मधली वर्षे भरभर सांगतो. गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ साली खोती पद्धत मोडण्याचे विधेयक आणि १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्रिपद. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा १९४६ चा कायदा याच कारकिर्दीत घडला. येथे कोणी म्हणेल की ज्याला शासनाची सत्ता मर्यादित हवी, तोच शासनाला गिरणीमालकाच्या कारभारात हात घालायला कसे सांगतो? विशेषतः १९४७ साली त्यांनी संस्थाने आणि अल्पसंख्याक या नावाने जे निवेदन तयार केले, ते वाचले म्हणजे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. त्यात मूलभूत उद्योग सरकारचे, विमा सरकारचा, इतकेच नव्हे तर शेतीही सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामुदायिक कसावी, अशी योजना आहे. मर्यादित शासन म्हणजे लहान शासन, असा पाश्चात्त्य उदारमतवाद्यांचा जो अर्थ आहे, त्यात ही योजना मुळीच बसत नाही.

याचे उत्तर त्यांनी त्याच निवेदनात देऊन ठेवले आहे. सरकार मागे हटले म्हणजे माणूस मोकळा होतो हे त्यांना मान्य नव्हते. मग मजुरावर मालकाची आणि कुळावर खोताची हुकमत चालते, आणि तिला तर निवडणूकही नाही आणि न्यायालयही नाही. म्हणून सरकारला कामे द्यावीत, पण ती घटनेत लिहून द्यावीत, म्हणजे आज बहुमत आले म्हणून एकाने ती वाढवावीत आणि उद्या दुसऱ्याने मोडावीत असे होणार नाही. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. अशक्त बैलाला कोणी वेसण घालत नाही. ज्याच्याकडून नांगरट करून घ्यायची, त्यालाच ती घालावी लागते. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची त्यांची योजना मला स्वतःला व्यवहार्य वाटत नाही, आणि रशिया-चीनमध्ये अशा प्रयोगांचे काय झाले ते आज आपल्यापुढे आहे. तथापि सत्तेचे काम आणि सत्तेची मर्यादा एकाच दस्तऐवजात लिहिण्याची त्यांची दृष्टी त्यामुळे खोटी पडत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. जून १९४७ मध्येच त्यांनी हैदराबाद व त्रावणकोर यांनी स्वतंत्र होण्याची भाषा सोडावी, असे निवेदन काढले होते. घटना घडत असताना निजामाच्या संस्थानाचे प्रतिनिधी घटना समितीत नव्हते, म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीच्या वतीने तेथे बोलणारे कोणी नव्हते. पुढे २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने ही घटना आपल्या राज्याला लागू असल्याचे जाहीर केले, आणि तेही फर्मान काढून! फर्मानांचे राज्य फर्मानानेच संपले, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

घटनेच्या चर्चेत बाबासाहेबांनी कोणत्या कलमांवर भर दिला हे पाहण्यासारखे आहे. सगळ्यांत महत्त्वाचे कलम कोणते, असे विचारले तर आपण ३२ वे सांगू, असे ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी सभागृहाला सांगितले. मूलभूत हक्कांवर आक्रमण झाल्यास सामान्य नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, ते हे कलम. घटनेचा आत्मा त्यांनी भाषणाच्या वा धर्माच्या स्वातंत्र्यात न पाहता, ते स्वातंत्र्य वसूल करण्याच्या वाटेत पाहिला. महाडचा कागदी ठराव आठवला म्हणजे याचे नवल वाटत नाही. मे १९४९ मध्ये त्यांनी नियंत्रक व महालेखापरीक्षकाला घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, आणि संसदेने सरकारच्या कर्जालाही मर्यादा घालावी अशी अपेक्षा व्यक्त केली. कोलंबियातला तो जमाखर्चाचा विद्यार्थी तीस वर्षांनंतरही तसाच होता. वित्तीय जबाबदारीचा कायदा संसदेने केला तो २००३ साली.

सर्वांत कठीण प्रश्न २१ व्या कलमाचा होता. माणसाचे जीवित किंवा स्वातंत्र्य केवळ कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने काढून घेता येईल, असे लिहायचे, की तो कायदा स्वतः न्याय्य आहे की नाही हे तपासण्याचा अधिकारही अमेरिकेप्रमाणे न्यायाधीशांना द्यायचा? पहिल्या पक्षी संसदेतले बहुमत वाटेल तो कायदा करील. दुसऱ्या पक्षी पाच-सात न्यायाधीश आपल्या मताप्रमाणे लोकांचे कायदे रद्द करतील. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही धोके मोकळेपणाने मांडले आणि आपले मत न लादता निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने पहिला मार्ग घेतला. त्यांचे समाधान झालेले नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवे कलम आणले, आजचे २२ वे, ज्याने अटकेतल्या माणसाला कारण कळण्याचा, वकील मिळण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क दिला. पण प्रतिबंधक स्थानबद्धता त्याच कलमात शिल्लक राहिली.

या जागी वेसणीचा दोर ढिला राहिला होता, आणि तो नेमका तेथेच सुटला. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणी चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले की स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत न्यायालयात येताच येणार नाही. एकट्या न्या. खन्ना यांनी विरुद्ध मत दिले. १९७८ साली दोन गोष्टी घडल्या. मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने पद्धत न्याय्य असलीच पाहिजे असे म्हटले, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २० व २१ ही कलमे स्थगित करता येणार नाहीत अशी व्यवस्था केली. १९७६ चा तो निकाल स्वतः न्यायालयानेच चुकीचा ठरवायला मात्र २०१७ साल उजाडले. त्या निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. मोबाइलवरून आपली इत्थंभूत माहिती गोळा होत असलेल्या या दिवसांत वेसण कोणकोणत्या सत्तेला हवी, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे नव्याने आला आहे.

३५६ व्या कलमाबाबत तर बाबासाहेबांचा अंदाज चुकलाच. राज्य सरकार बरखास्त करण्याचा हा अधिकार कागदावरच राहील, अशी आशा त्यांनी सभागृहात व्यक्त केली होती. ते कायदामंत्री असतानाच जून १९५१ मध्ये पंजाबात तो वापरला गेला. तेव्हापासून शंभरावर वेळा वापरला गेला, १९८० साली महाराष्ट्रातही. १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला आवर घातला. त्याच १९५१ साली भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध वाढवणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचे समर्थनही त्यांनी केले. त्यांचे भक्त हे सांगत नाहीत, आणि टीकाकार तेवढेच सांगतात. मंत्रिपदावरचा माणूस सत्तेच्या गरजा अधिक उदारपणे पाहतो, हे बाबासाहेबांच्याही बाबतीत काही प्रमाणात खरे ठरले, असे मला वाटते.

व्यक्तिपूजेविषयी मात्र ते कधी डगमगले नाहीत. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी गांधी आणि जीना या दोघांच्याही भोवतीच्या आरत्यांवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तोच विषय पुन्हा आला. राजकारणात भक्ती म्हणजे हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे, कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, असा त्यांचा इशारा होता. घटनेला मर्यादा लिहिता येतात, पण त्या पाळण्याची सवय लिहिता येत नाही. तिलाच ते घटनात्मक नीती म्हणत, आणि ती आपल्या मातीत उगवलेली नाही, मशागत करून वाढवावी लागेल, असे बजावत. डिसेंबर १९५२ मध्ये पुण्याच्या वकिलांपुढे लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगताना त्यांनी विरोधी पक्षाचे महत्त्व फार आग्रहाने मांडले. बहुमताने अल्पमताला भीती वाटेल असे वागू नये, हीही त्यांतलीच एक अट.

गावाविषयी ते कठोर बोलले, याचा राग आजही अनेकांना येतो. ग्रामपंचायतीला घटनेचा पाया करा, या मागणीला त्यांनी नकार दिला आणि व्यक्ती हाच पाया मानला. ज्याने वतन आणि बलुते पाहिले, त्याने गावाच्या हाती आणखी सत्ता द्यायला नकार द्यावा यात काय चुकले? १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना अधिकार दिले, तेव्हा ठराविक मुदतीत निवडणुका आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्या राखीव जागा याही घटनेतच बसवल्या. गांधींची मागणी आंबेडकरांच्या अटींवर मान्य झाली, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या गावच्या ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागायला आपल्यापैकी कितीजण उभे राहतात, हा प्रश्न वेगळा.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९५२ ची लोकसभेची निवडणूक ते मुंबईत हरले, १९५४ ची पोटनिवडणूक भंडाऱ्यात हरले. पराभव स्वीकारून राज्यसभेच्या विरोधी बाकावर बसले. तेथे १९५३ साली, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा मुद्दा निघाला असता, ही घटना जाळायला आपणच पुढे येऊ, असे ते संतापाने बोलून गेले. दीड वर्षाने कोणी त्याची आठवण दिली तेव्हा त्यांनी खुलासा केला की देवासाठी बांधलेल्या मंदिरात दैत्य शिरले तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते?

याच वर्षांत त्यांचे मराठवाड्यात वारंवार येणे होत असे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा बिगारीच्या घरातली मुले तेथे राज्यशास्त्राच्या वर्गात बसू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. ज्या वतनासाठी त्यांनी १९२८ साली विधेयक मांडले होते, ते मुंबई राज्यात कायद्याने रद्द झाले १९५८ साली.